मोठ्याने म्हटलेली नियत

मांडवी, ३ रज्जब

शेळीचं दूध काढून झालं होतं. तव्यावर बाजरीचा रोटला टाकून मी मध्येच उठले आणि अंथरुणाला खिळलेल्या माच्या खालची गोधडी बदलून आले. ओली गोधडी बादलीत टाकली. परत येईपर्यंत रोटल्याची एक कड काळी पडली होती, ती मोडून कोंबड्यांना टाकली. खाटेवर रेमतमासीकडून मजुरीने बांधायला आणलेली लाल ओढणी पडली होती, तिच्या बांधणीच्या दोन ओळी राहिल्या होत्या. मनात म्हटलं, दुपारच्या नमाजाआधी तेवढ्या बांधून टाकू. मा आतून काहीतरी पुटपुटली. मी वाटीत दूध ओतत होते, मला नीट ऐकू आलं नाही. आत गेले तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

हुर, तुला सलाम. सलाम आधी लिहायचा असतो हे मला कळतं. पण कागद पुढे घेतला की माझा हात त्याच सकाळी जाऊन पडतो. पाच महिने झाले.

तुझी बस उशिरा पोहोचली, त्यात तुझा काय दोष? सलायाहून इथवर रात्रभराचा रस्ता. माचं खरं नाही ही तार आदल्या दिवशी मिळाल्या मिळाल्या तू निघालीस, हे मी सगळ्यांना सांगते. पण दिवस उन्हाचे होते, मय्यत ठेवून कशी चालेल? माला शेवटची आंघोळ माझ्या हातून मिळाली. तिने शिकवलं होतं तशीच घातली, आधी उजवी बाजू, मग डावी, अंगावरची चादर तसूभरही सरकू न देता. मी बाहेर आले तेव्हा माझ्या हातांना कस्तुरीचा वास आला, हे आता सगळी मांडवी जाणते. माझं त्यात काही नाही. त्याची मेहेर.

ऐकलं की रेमतमासीने तिच्या नातवाची आणि तुझ्या लेकीची, सफुराची, सगाई मोडली. म्हणतात, आई जिच्या हातचं शेवटच्या आंघोळीचं पाणी न घेता गेली तिच्यावर ती नाराज गेली, आणि तसल्या घरची मुलगी आम्हाला नको. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी पाचही नमाजांत तुमच्यासाठी दुआ मागते. तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही. एक ओळ तरी लिही.

तुझी मोठी बहीण जेना, म्हणजे तुझी
अदी

मांडवी, २१ रज्जब

हुर,

उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं.

ते पहिलं पत्र टपालात टाकण्याआधी मी मुल्लाणीला वाचून दाखवलं होतं. आपल्या मशिदीच्या मौलानांची बायको, तुला आठवत असेल. "माझी जोडाक्षरं चुकतात, जरा बघ गं," असं निमित्त काढलं. जुसब दर्यात गेला, मी विधवा झाले, त्यानंतर मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले, हे तिला ठाऊक आहे, म्हणून निमित्त खपलं. तिने डोळे पुसले. म्हणाली, "जेना, धाकटी अशी निघाली तरी तू तिच्यासाठी दुआ मागतेस? तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो." सूर्य मावळायच्या आत हे गल्लीभर झालं. ते व्हावं म्हणूनच मी गेले होते.

हे पत्र कोणी वाचलेलं नाही. दार ओढून बसले आहे.

कस्तुरीचा वास आला नव्हता, हुर.

बोरीचा पाला घालून उकळलेल्या पाण्याचा वास होता. शेवटच्या पाण्यात कापूर होता, त्याचा होता. बाकी आजारी म्हाताऱ्या बाईच्या अंगाला येतो तो. मा चाळीस वर्षं मय्यतींना आंघोळ घालत होती. तिचा एकच नियम होता, चांगलं दिसलं तर सांगायला हरकत नाही, वाईट दिसलं तर तोंड शिवून घ्यायचं. तिने चांगलंही कधी सांगितलं नाही. लहानपणी मी विचारायची, "मा, आज काय दिसलं?" ती म्हणायची, "पाणी दिसलं. हो बाजूला, मला हात धुऊ दे."

मी पडदा सारून बाहेर आले तर सगळ्या बायका तुझ्याभोवती होत्या. रेमतमासीने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझ्याकडे एकीनेही मान वळवली नाही. अकरा वर्षं मी माचं हगणंमुतणं काढलं, आणि रडणारी तू म्हणून माया तुझ्यावर. मी ओले हात पुढे केले आणि म्हटलं, "मासी, वास घ्या. कस्तुरी."

तेवढंच म्हटलं. रेमतमासीने तुझं डोकं खाली ठेवलं आणि उठली. माझे हात नाकाशी नेले, डोळे मिटले. "सुभानल्लाह," म्हणाली. मग दुसरी आली. मग सगळ्या. तू तिथेच बसून राहिलीस, एकटी.

पुढचं तुला कळलं नसेल. आता बाईमाणूस गेलं की बोलावणं मलाच येतं. मी तोंडातून शब्द काढत नाही. त्याच हुंगतात, त्याच एकमेकींना सांगतात. "जेनाबाईच्या गल्लीत पाऊल टाकलं की कळतं."

महिन्यापूर्वी मी कापूर कुटत होते, आणि लक्षात आलं की मला वास येत नाही. चिमूट नाकाला लावली. काही नाही. कांदा फोडला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. घासलेटची बाटली उघडली, तिच्यात नाक घातलं. पाणी असावं तशी. रोटला रोज करपतो, धूर दिसला की मगच कळतं. सर्दी धरून बसली असेल म्हणून हकीमाचा काढा घेतला, तर रेमतमासी माझ्या हातातली वाटी हुंगून म्हणते, "तुझ्या हातात काढ्याचंसुद्धा अत्तर होतं गं बाई!"

त्या सगळ्यांना येतो. मला एकटीला येत नाही.

आणि शेळी मला दूध काढू देत नाही. मी जवळ गेले की नाकपुड्या फुलवते, दोर ताणून भिंतीला जाऊन चिकटते आणि थरथरत राहते. शेजारीण आली की निमूट उभी राहून रवंथ करते. शेजारीण म्हणते, "तुझ्या चेहऱ्यावरच्या नुराला भिते ती." असेल. बायकांना निदान मी सांगितलं होतं. शेळीला कोणी काही सांगितलेलं नाही.

अदी

मांडवी, ९ शाबान

हुर,

खाडीत एक बाई सापडली. कुठली, कोणाची, काही कळलं नाही. गळ्यात तावीज होता, त्यावरून आपल्यातली म्हणून मशिदीत आणली. मला बोलावणं आलं. मी काय पाहिलं ते लिहिणार नाही, तेवढा माचा नियम अजून पाळते. तीन दिवस पाण्यात होती, एवढ्यावरून समज.

पाणी ओतायला रेमतमासी, मुल्लाणी आणि मुल्लाणीची नवी सून होती. मी चादर वर केली. मला काहीच वास आला नाही, तो येत नाहीच. पण दिसत होतं. मी मनात म्हटलं, आता या पळतील. आता हे संपेल.

रेमतमासीने दीर्घ श्वास घेतला. "आहाहा."

"गुलाबाच्या शेतात उभं राहावं तसं," मुल्लाणी म्हणाली.

सून तांब्या खाली ठेवून बाहेर गेली. पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. भिंतीच्या आड वाकली, पोटातलं सगळं बाहेर काढलं, तोंड धुतलं, ओढणी नीट केली आणि परत आली.

"काय गं, कुठे गेली होतीस? वास आला ना?" सासूने विचारलं.

"आला," ती म्हणाली. "गुलाबासारखा." आणि माझ्याकडे पाहिलं. हुर, माझ्याकडे कोणी तसं कधी पाहिलेलं नाही. शेळी पाहते, तसं.

मग मी रेमतमासीकडे नीट पाहिलं. ती हसत होती. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि ती तोंडाने श्वास घेत होती. की मला तसं वाटलं? मला नाक नाही, मी कोणाला विचारू? सहा महिने या बायका मला खोटं सांगत होत्या, की मी एकदा खोटं बोलले त्याने त्यांची नाकंच फिरली? दोन्हींपैकी कोणतं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही.

कफन झालं. बाजूला पाहते तर मुल्लाणी उरलेलं पाणी बाटलीत भरत होती.

"हे कशाला?"

"अब्बांना. दोन महिने अंथरुणावर आहेत. मागच्या खेपेचं संपलं."

"मागच्या खेपेचं?"

"तू हात घातलेलं पाणी आहे ते, जेना. सगळेच नेतात."

मी तिच्या हातून बाटली हिसकली आणि जमिनीवर ओतली. तिथेच, आंघोळीच्या तख्त्याशी उभी राहून सांगितलं, "मी खोटं बोलले होते. माच्या वेळी कसलाही वास आला नव्हता. आजही नाही. मला तर कधीच आला नाही."

मुल्लाणी खाली वाकली आणि माझे हात डोळ्यांना लावले. म्हणाली, "ऐकलंत, मासी? नेकी झाकायची कशी ते हिच्याकडून शिकावं. आम्ही एक खजूर वाटला तरी चार घरं सांगत फिरतो."

"म्हणून तर तिला दिलंय त्याने," रेमतमासी म्हणाली.

आणि हुर, मला बरं वाटलं. त्या बाईच्या उशाशी उभी असताना छातीत ऊब आली, थंडीत चहा प्याल्यावर येते तशी. ती ऊब मी ओळखते. ओले हात पुढे केले होते तेव्हा तीच आली होती.

पाणी ओतलं त्या जागेवरची माती आता लोक नेतात. खड्डा पडला आहे.

मौलाना वाज सांगायला बसले की म्हणतात, कयामतच्या दिवशी काही लोक आपली मोठमोठी कामं घेऊन उभे राहतील, आणि त्यांना सांगितलं जाईल, तुम्ही ज्यासाठी केलं ते तुम्हाला तिथेच मिळालं, इथे काही शिल्लक नाही. मी पूर्वी ऐकायची तेव्हा वाटायचं, कोण असतील ते लोक?

चार दिवस विचार करते आहे की वासाचं सांगणं मला एवढं सोपं कसं गेलं. कारण त्याच्या मागे दुसरं आहे आणि ते तसंच झाकलेलं राहिलं.

तुझी बस उशिरा आली नव्हती. तू नऊला आलीस, मागच्या बोळातून, म्हणून पुढच्या अंगणातल्या बायकांना दिसली नाहीस. मी नुकतं पाणी उतरवलं होतं, माला अजून हात लावला नव्हता. तू मोरीवर वुजू केलास, बाह्या वर सारल्यास. मी आत गेले आणि दाराला कडी घातली.

तू म्हणालीस, "अदी, मी हातपाय धुतलेत. मला आत घे."

मी कडी नीट बसली का ते पाहिलं.

"अदी, मी नुसतं पाणी ओतते. तू घाल आंघोळ. मी नुसतं पाणी ओतते गं."

तेव्हा मी नियत केली. नियत, म्हणजे हे कोणासाठी करतो ते, मनात म्हणायची असते. ज्याच्यासाठी करायची त्याला आवाज लागत नाही. मी ती मोठ्याने म्हटली, दाराकडे तोंड करून: "या मय्यतीला मी फक्त अल्लाहसाठी आंघोळ घालते." ते तुला ऐकवायचं होतं. दाराच्या त्या बाजूला तू गप्प झालीस, आणि मी सुखाने पहिला तांब्या घेतला.

नंतर अंगणात रेमतमासीच्या मांडीवर डोकं ठेवून तू हेच सांगत होतीस ना? "अदीने कडी घातली." मी बाहेर येताना ते ऐकलं. तेव्हाच मी हात पुढे केले.

अदी

मांडवी, २६ शाबान

हुर,

तू अजून लिहिलं नाहीस. लिहावंस म्हणून हे लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, म्हणून राहू दे.

एक उरलं आहे. मा पुटपुटली ते मला ऐकू आलं होतं. दूध ओतत होते, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, "हुर येईल. पाणी तिच्या हातचं." आदल्या दिवशीही दोनदा म्हणाली होती. मी वाटी भरेपर्यंत थांबले. भरली. ती पुसली. मग आत गेले.

जुसबला कोणी आंघोळ घातली नाही. दर्याने घातली असं लोक समजूत घालायला म्हणतात. बायकोला नवऱ्याला शेवटची आंघोळ घालता येते, तेवढं तरी मला करता आलं असतं. त्याचं अंगच आलं नाही. चौदा वर्षं झाली, अजून तांब्या उचलला की हात आधी त्याचे खांदे शोधतो. म्हणून मी माकडून हे काम शिकले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं असेलही. पण त्या सकाळी मला एवढंच वाटलं, ही एक मय्यत तरी माझी असू दे. तीही तू मागत होतीस. मी हे माफीसाठी सांगत नाही, काय होतं ते सांगते.

परवा सकाळी मी रेमतमासीकडे गेले. ती बांधलेल्या ओढण्या निवडत बसली होती. "ये, ये. दारात पाय टाकलास आणि घर दरवळलं," म्हणाली आणि हात पुढे केला. मी हात न देता समोर बसले.

"पुन्हा वास आला नव्हता म्हणायला आली असशील तर ऊठ बाई. आम्हालाही नाकं दिलीत वरच्याने."

"वासाचं नाही, मासी. कडीचं."

"कसली कडी?"

"मी आतून घातली ती. हुर उशिरा आली नव्हती. नऊला आली, मागच्या दाराने. मी पाणी उतरवत होते. ती वुजू करून उभी होती, बाह्या वर सारून."

रेमतमासीचे हात थांबले. "हे ती सांगत होती."

"हो. ती खरं सांगत होती."

"आणि तू?"

"मी तुम्हाला म्हटलं वास घ्या."

ती बराच वेळ ओढणीच्या गाठी चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुझी मा नाराज गेली तिच्यावर. ते तरी खरं ना?"

"शेवटचे शब्द होते, हुर येईल, पाणी तिच्या हातचं. मी ऐकले. ना मी तिची वाट पाहिली, ना कोणाला सांगितलं."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने हळूच ओढणीचं टोक उचललं. मला वाटलं डोळे पुसायला. तिने ते नाकाला लावलं, घट्ट दाबून धरलं, आणि मागे सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकली. मग उठून खिडकी उघडली, तिथेच तोंड बाहेर काढून उभी राहिली. मी श्वास घेतला, पुन्हा घेतला. मला काही आलं नाही.

"मासी, काय येतंय?" मी विचारलं.

तिने सांगितलं नाही. खिडकीतूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझे हात हुंगून मी त्या पोरीची सगाई मोडली."

"हो."

"मी सलायाला जाईन. तुझ्या बहिणीच्या दारात नाक घासीन, माझं मी बघते. पण मी एकटी बोलले तर कोणी ऐकणार नाही. म्हणतील म्हातारी जळते. चार बायकांत तू बोलशील?"

"बोलेन."

"रडायचं नाही. रडलीस की त्या तुला पदराखाली घेतील. आणि मी पापी, मी गुन्हेगार, असलं काही नको. मागच्या वेळी तुझे हात डोळ्यांना लावले, आता पाय धरतील. कडी घातली म्हण. हुरचं नाव घे. तुझ्या माचे शब्द सांग. आणि तोंड बंद कर."

"बरं."

"आता जा," ती म्हणाली, अजून ओढणी नाकाला धरूनच. "दार उघडं ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मी मुल्लाणीच्या ओसरीवर गेले. सतरा जणी होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की हुर वेळेवर आली होती, मी आतून कडी घातली, आणि माने पाणी हुरच्याच हातचं मागितलं होतं. रडले नाही. कोणी पाय धरले नाहीत, कोणी हात हुंगले नाहीत. मी चपला घातल्या आणि घरी आले.